नव्वद फ्रॉक आणि दोन बोटं वाढतं

धुळ्याला मावशीकडे राहायला गेले तेव्हा पहिले चार दिवस मला झोपच नीट लागेना, आणि त्याला कारण होतं मागांचा आवाज. मावशीच्या घरामागच्या गल्लीत यंत्रमाग होते, ते दिवसभर खटखट करत राहायचे. आमच्या गावी, अमळनेर आणि पारोळ्याच्या मधे, दुपारी एवढी सामसूम असायची की कोंबडीनं माती उकरली तरी ऐकू यायचं. इथं मात्र बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे. मावशीचा आवाज त्यामुळेच मोठा झाला होता की जन्मतःच तसा होता, हे मला कधी कळलं नाही. पहाटे ती तव्यावर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी टाकायची, शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि मी दप्तर उचलून निघाले की पाठीमागून तोच आवाज यायचा, "खाई ले वं पोरी, मशीन कोठे पयी जास नही!" मशीन पळून जात नाही, हे खरं, पण मी उभ्यानंच खायचे. ती सवय मला अजून आहे, आणि माझी सून त्यावरून मला अजून बोलते.

मी शिवणकाम शिकायला गेले होते. मुलींची ती प्रशिक्षण संस्था गावाच्या कडेला होती, पत्र्याच्या छताचा लांबलचक वर्ग, त्यात पायमशिनांच्या दोन रांगा. नाना म्हणजे माझे वडील मला तिथं घालायला तयार कसे झाले याचं घरात सगळ्यांनाच नवल होतं. कापूस, दादर ज्वारी आणि दोन म्हशी यापलीकडे ते फारसं बोलत नसत. त्या दिवशी मात्र ओट्यावर बसून तंबाखू मळता मळता म्हणाले, "एक वरीस शिकी ले. हातले काम लागनं ते ऱ्हाय धुयाले. नही ते घर ये, मंग मी सांगसू तसं." मी सांगेन तसं म्हणजे काय, हे आमच्या घरात वासरालाही ठाऊक होतं. माझ्या बरोबरीच्या मुलींपैकी दोघींच्या मांडीवर तेव्हा लेकरं होती. तेव्हा मला जो काय वेळ मिळाला होता तो एवढाच, एक वर्षाचा, आणि तेवढ्यात हाताला काम लागायला हवं होतं.

पहिले कितीतरी महिने आम्ही कापड असं पाहिलंच नाही. कागदावर शिवायचो. मशिनीत दोरा न घालता खाकी कागदावर रेघेवरून सुई चालवायची, भोकं सरळ आली की पुढचा कागद. मग चिंध्या. मग नमुना वही: तिच्यात वीतभर लांबीची बाही, बोटभराचा खिसा, बाहुलीलाही होणार नाही एवढा सदरा, सगळं डिंकानं चिकटवलेलं. देवरेबाई, आमच्या निदेशिका, गळ्यात टेप घालून टेबलाटेबलामधून फिरत आणि वहीवर लाल पेनानं गुण देत. बाई उंच, काटक, आणि हसण्याच्या बाबतीत जरा कंजूष. माझ्या शेजारच्या मशिनीवर हमीदा होती, मागांच्या गल्लीतलीच, तिचे अब्बा माग चालवत. ती एकदा म्हणाली, "शकू, आपन एवढं शिवलं, पन आजपर्यंत कुनाचं अंग झाकलं नाय." ती गमतीनं म्हणाली खरी, पण मला ते लागलं. मी रात्रंदिवस शिकत होते आणि माझं शिवलेलं जगात कोणी घातलेलं नव्हतं.

दिवाळी झाली आणि प्राचार्यांनी आम्हाला मैदानात बसवून सांगितलं की आता काम करत करत शिकायचं. साक्रीकडच्या एका आश्रमशाळेनं मुलींचे फ्रॉक शिवायला दिले होते. नव्वद फ्रॉक, निळे, पांढरी कॉलर, तीन मापांत: लहान, मधलं, मोठं. सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला मुलींच्या अंगावर हवेत. काम पसंत पडलं तर संस्थेत शिवणाचा कायमचा उत्पादन विभाग सुरू होणार आणि आमच्या तुकडीतल्या दोघींना परीक्षेनंतर तिथं ठेवून घेणार. हे शेवटचं वाक्य ऐकून मी हमीदाचा हात एवढ्या जोरात दाबला की ती किंचाळली, आणि आख्खं मैदान आमच्याकडे बघायला लागलं.

डिसेंबरअखेर कापडाचे तागे आले. बाईंनी पहिल्याच दिवशी कात्र्या कपाटात बंद करून टाकल्या. कोरं कापड आटतं, म्हणून सगळे तागे हौदात भिजवायचे, गच्चीवर वाळवायचे आणि मगच हात लावायचा. आम्ही वीस जणी साड्या खोचून हौदात उतरलो. थंडीचे दिवस, पाणी कसलं गार! कापड तुडवता तुडवता कोणीतरी लग्नातली गाणी सुरू केली आणि बाई वर गच्चीवरून "आवाज कमी, पाय जास्त!" म्हणून ओरडल्या. निळा रंग थोडा सुटला. संध्याकाळी घरी गेले तर पोटऱ्यांपर्यंत पाय निळे. मावशीनं ते पाहिलं आणि हसता हसता चुलीपाशी खालीच बसली. त्या दिवशी तिनं हिरव्या वांग्यांचं भरीत केलं होतं, काड्यांवर भाजलेलं, वर तेल आणि कांद्याची पात, आणि मी निळ्या पायांनी मांडी घालून तीन भाकऱ्या खाल्ल्या. इतकी भूक मला पुढे क्वचितच लागली.

बाईंनी कागदाचे खाके तयार केले, मापं फळ्यावर लिहिली, आणि कापायच्या टेबलावर मला उभं केलं. कात्री धरणारा माझा हात सरळ होता, एवढं एकच कौतुक त्यांनी माझं तोवर केलं होतं. हमीदा मांडणीला. कापडावर खाके कसे मांडले की कमीत कमी वाया जाईल, हे तिला बघता क्षणी कळायचं. आणि नेमक्या त्याच आठवड्यात बाईंच्या सासूबाई पडल्या, त्यांचा पाय मोडला आणि बाईंना शिरपूरला जावं लागलं. जाताना म्हणाल्या, "खाका कापडावर ठेवायचा, खडूनं रेघ मारायची, रेघेवर कापायचं. बाकी डोकं चालवू नका."

आता माझ्याकडून जे झालं ते सांगते. आमच्या घरात कुठल्याही पोराला त्याच्या मापाचा कपडा कधी मिळालाच नाही. गावातले शिंपी आबा माप घ्यायला बसले की माय शेजारी उभी राहून म्हणायची, "दोन बोटं जास्ती टाका आबा, पोर वाढी ऱ्हायनी." सगळ्या गावाच्या आया तेच म्हणायच्या. माझा पहिला शाळेचा फ्रॉक पहिल्या वर्षी पायघोळ, दुसऱ्या वर्षी बरोबर आणि तिसऱ्या वर्षी आखूड होता, आणि चौथ्या वर्षी तो धाकटीकडे गेला. हे सगळ्यांचं असंच. कपडा वाढता नसेल तर आईचं लक्ष नाही, असं समजायचे. तर मी टेबलापाशी उभी, हातात खडू, खाली निळं कापड, आणि मनात एकच की या नव्वद पोरींच्या आया इथं नाहीत. डोंगरापलीकडच्या पाड्यांवर आहेत. त्यांच्या वतीनं कोण सांगणार? हमीदाच्या मांडणीनं कापड चांगलं उरत होतं. मी खाका ठेवला आणि त्याच्या बाहेरून, चहूकडून, दोन बोटं सोडून रेघ मारली. कोणी अडवलं नाही. उलट एकजण म्हणाली, "बरं केलं गं, वाढतं हवंच." वीसजणींच्या घरी हेच चालत होतं ना!

आठ दिवसांत आम्ही नव्वद फ्रॉक उभे केले. काजं, बटणं, कॉलर, सगळं. इस्त्री करून, घड्या घालून, टेबलावर तीन थप्प्या रचल्या. मला वाटतं, तेवढा अभिमान मला पुढे माझ्या पहिल्या पगाराचाही वाटला नाही.

बाई आल्या. थप्प्या बघून त्यांच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली. लहान मापाचा एक फ्रॉक त्यांनी उलगडला, टेप लावली, परत लावली. मग रखवालदाराच्या पोरीला हाक मारली. मंगी सहा-सात वर्षांची होती, तिला फ्रॉक घातला. ती खूश! गिरकी घेतली. बाही कोपरापर्यंत ओघळलेली, कॉलर मागे लटकलेली. बाई तिला म्हणाल्या, "झेंड्याला सलाम कर बघू." मंगीनं झटकन हात कपाळाला लावला आणि फ्रॉक डाव्या खांद्यावरून सरकून पार दंडावर आला. आम्ही आधी हसलो. मग बाईंचं तोंड बघून हसू थांबलं.

"कापलं कोणी?"

मी हात वर केला. "बाई, मी. वाढतं ठेवलं... पोरी वाढतात म्हणून."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या अगदी हळू बोलल्या. "शकुंतला, तू शिंप्याला सांगणारी आई झालीस. शिंपी नाही झालीस. आता ही पोर सगळ्या शाळेपुढं उभी राहील, नव्या कपड्यात, आणि एका हातानं खांदा धरून बसेल. चालेल तुला?"

मला रडू आलं आणि मी ते आवरलंही नाही. प्राचार्य माझ्या रडण्याचा आवाज ऐकून आत आले होते. भला माणूस. त्यांनी एक फ्रॉक उचलून वरखाली पाहिला आणि म्हणाले, "बाई, चालतंय हो. शिकाऊ मुलींचं काम आहे, शाळावाले समजून घेतील." देवरेबाईंनी तो फ्रॉक त्यांच्या हातातून काढून घेतला. "सर, ते समजून घेतील. पण अंगात घालणारी पोर कशाला समजून घेईल? शिकाऊ मुलींचं म्हणून हे जायचं नाही. फ्रॉक म्हणून पसंत पडत असेल तर जाईल, नाहीतर इथंच राहील." प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला आणि ते निघून गेले. सव्वीस जानेवारीला अकरा दिवस उरले होते.

उसवायचं ठरलं. बाई म्हणाल्या, जादा कापड सगळं कापून टाका, खाक्याबरोबर आणा. कात्री हातात आल्यावर मला राहवलं नाही. "बाई, खांदा आणि बाहीचा मुंढा कापते. पण बाजूचं आणि खालचं नको ना कापू. शिलाईच्या आत दुमडून ठेवते. बाहेरून माप बरोबर येईल. पुढल्या वर्षी कोणी उसवलं की पोरीला परत येईल." बाईंचा हात टेपेकडे गेला. मला वाटलं, आता टेप गळ्यातून काढून मारतात. पण म्हणाल्या, "बाहेरून सूतभर जरी हललं ना, तर तूच खाशील तो फ्रॉक." मग स्वतः खुर्ची ओढून बसल्या आणि पहिली दुमड मला घालून दाखवली, अशी की आतल्या बाजूनंही फुगवटा येऊ नये. खांदा का वाढवायचा नाही, उंची का वाढवता येते, कापड अंगावर कुठं टेकतं आणि कुठं नुसतं लोंबतं, हे त्या एका दुपारी मला जेवढं कळलं तेवढं नमुना वहीत इतक्या महिन्यांत कळलं नव्हतं.

उसवणं हे शिवण्यापेक्षा वाईट काम. ब्लेडनं एकेक टाका कापायचा, कापडाला चीर जाता कामा नये, मग दोऱ्याचे तुकडे नखानं वेचायचे. तिसऱ्या दिवशी आमची बोटं सुजली. आणि त्याच दिवशी दुपारी रखवालदार सांगत आला की गावाहून वडील आलेत. बाप असो की भाऊ, बाहेरच्या पुरुषांना आत यायची बंदी होती, भेटणाऱ्यांनी फाटकाजवळच्या ओट्यावर बसायचं. मला तर उठायलाही सवड नव्हती. मी दहा-बारा फ्रॉकांचं गाठोडं काखेत मारलं आणि तशीच गेले. नाना ओट्यावर बसले होते, नवं धोतर, इस्त्रीची टोपी, पायाशी वांग्यांची थैली. नवं धोतर बघून मला चमकायला हवं होतं, पण माझं डोकं टाक्यांत होतं.

"कशी शे?" म्हणाले. मी खाली बसून ब्लेड चालवायला लागले. ते पुढे वाकले.

"शिवेल कपडा उसवी ऱ्हायनी? आसं कसं शिकाडतस आठे?"

"मी चुकनू नाना. माप चुकनं. बठ्ठा, नव्वदना नव्वद उसवाना शेतस."

"बठ्ठा?"

"बठ्ठा. आनि सव्वीस तारखेले नही दिधा ते मना आठला मुक्काम संपना."

नाना खाकरले. "मी काय म्हनस पोरी..." आणि थांबले. मी तेवढ्यात एक फ्रॉक त्यांच्या मांडीवर टाकला होता. "नाना, तेवढा दोरा वेचा ना. उजेड शे तवर व्हई जाई." त्यांनी फ्रॉक उलटा करून पाहिला. मग टोपी काढून बाजूला ठेवली. "आन. आख्खा जलम कापूस येचेल हात शेतस, दोरा ते काय चीज शे."

आणि काय वेचले त्यांनी दोरे! बोंडातून कापूस ओढतात तशी दोन बोटांची चिमूट, एक झटका, आणि शिवणीतून दोरा अख्खा बाहेर. कापडाला ओरखडा नाही. ब्लेडची त्यांना गरजच पडली नाही. हमीदा पाणी द्यायला आली, ती बघतच राहिली आणि आतून आणखी एक गाठोडं घेऊन आली. मग आणखी एक. देवरेबाई खिडकीतून बघून गेल्या आणि त्यांनी रखवालदाराबरोबर चहा पाठवला. फाटकासमोरून येणारे जाणारे लोक धोतरातल्या म्हाताऱ्याच्या मांडीवर मुलींचे फ्रॉक बघून थबकत, आणि नाना कोणाकडे ढुंकूनही बघत नव्हते. तेवीस फ्रॉक झाले. ऊन उतरल्यावर ते उठले, धोतरावरचे निळे दोरे झटकले, वांग्यांची थैली माझ्याकडे दिली आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. काय म्हणायचं होतं ते म्हणालेच नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

एकवीस तारखेला शाळेचे मुख्याध्यापक आले. त्यांनी स्वतःची टेप आणली होती. प्रत्येक थप्पीतून मधले पाच-पाच फ्रॉक ओढून काढले, वरचे घेतले नाहीत, यावरून माणूस अनुभवी आहे हे आम्हाला कळलं. छाती, खांदा, उंची. बटणं ओढून पाहिली. माझ्या छातीत मागांसारखी धडधड चालली होती. मग त्यांनी एक फ्रॉक उलटा केला आणि कपाळाला आठी घातली. "हे आत काय कोंबलंय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. चूक पहिल्यापासून सांगितली, लपवली नाही, आणि मग दुमड उलगडून दाखवली. मुख्याध्यापकांनी ती बोटांनी चाचपली. "गेल्या वर्षीचे कपडे," म्हणाले, "होळीच्या आत गुडघ्याच्या वर गेले होते." त्यांनी फ्रॉक पुन्हा सुलटा केला, घडी घातली. माझ्यापेक्षा वाईट घातली, पण घातली. "मुलांचे सदरे घ्याल का शिवायला? असेच, आतून वाढते?" हमीदानं मागून माझ्या पाठीत एवढ्या जोरात गुद्दा मारला की मी "घेऊ" म्हणण्याऐवजी नुसती "अं!" म्हणाले. बाई मात्र अजून हसल्या नाहीत. मुख्याध्यापकांची जीप गेल्यावर बाईंनी पिशवीतून तिळाच्या लाडवांचा डबा काढला, संक्रांतीचे लाडू, आठवडाभर आधीच आणलेले. हसत नव्हत्या पण डबा लपवून ठेवला होता, यावरून काय ते समजा.

परीक्षेनंतर उत्पादन विभागाचं पत्र मिळालं. दोन नावं, हमीदाचं आणि माझं. मला बाईंनी कापायला नाही, तपासायला ठेवलं. शिवून आलेला प्रत्येक नग माझ्या हाताखालून जाणार. "तुला चूक लवकर दिसेल," एवढंच म्हणाल्या. मी पत्र घेऊन गावी निघाले. एसटीत मनातल्या मनात भाषण तयार करत होते. नाना, मला राहू द्या. नाना, हे असं असं आहे. अमळनेरला उतरेपर्यंत ते चार वेळा पाठ झालं होतं आणि घराच्या दारात पार विसरून गेले. नानांनी पत्र हातात घेतलं, वाचता येत नसूनही बराच वेळ धरून ठेवलं आणि म्हणाले, "बरं शे." मग म्हशीला पाणी दाखवायला गेले.

एवढंच? मी चुलीपाशी जाऊन बसले. माय भाकरी थापत होती. माझं तोंड बघून हसायला लागली आणि मग तिनं सांगितलं. नाना दोरे वेचले त्या दिवशी खरं तर मला न्यायला आले होते. शुक्रवारी चोपड्याकडचे पाहुणे मला बघायला येणार होते, चांगलं घर, बागायत, सगळं बोलून झालेलं. माझ्या मावशीलाही ठाऊक होतं. नाना एकटेच परत आले, माय विचारून विचारून थकली, पण बोलले नाहीत. शुक्रवारी पाहुणे आले, ओट्यावर बसले, पोहे झाले, चहा झाला, आणि पोरगी कुठंय म्हणून विचारलं.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय! तुना बाप म्हने, पोरगीले सवड नही. तिले नव्वद फ्राक उसवाना शेतस." मायनं भाकरी उलटली. "पाव्हना बिचारा देखतच ऱ्हायना. म्हने, मंग कवय सवड व्हई? ते तुना बाप म्हने, ते मी कसं सांगू? तिलेच इचारनं पडी."